अल्पशा आजाराने

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. सकाळी साडेसातला मी आणि आई इंदूरच्या एका लॅबमध्ये रक्त द्यायला बसलो होतो. रात्रीपासून पोटात काही नाही, बाहेर कडक थंडी आणि शेजारच्या दुकानातनं वाफेवरच्या पोह्यांचा तो बडीशेपेचा वास सारखा आत येत होता. काउंटरवरच्या मुलाने फॉर्म भरायला घेतला, नाव, वय, पत्ता, रामबाग म्हटल्यावर त्याने मान न वर करताच लिहिलं, आणि मग विचारलं, "मॅडम, फॅमिली में किसी को हार्ट, शुगर, बीपी?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "नहीं नहीं, हमारे यहाँ किसी को कुछ नहीं." त्याने पटापट तीन ठिकाणी 'नाही'वर खुणा केल्या आणि फॉर्म सहीसाठी माझ्याकडे सरकवला. आईच्या मांडीवरच्या पर्समध्ये तेव्हा तिच्या स्वतःच्या बीपीच्या गोळ्यांची पट्टी होती, दहा वर्षं ती गोळी चालू आहे. मी बघितलं, मला ते कळलं, आणि मी सही केली.

घरी आल्यावर, पोहे खाऊन झाल्यावर, दुपारी कपडे वाळत घालतानासुद्धा ती सही डोक्यातनं जाईना. आई खोटं बोलली असं मला वाटत नव्हतं, तिच्या दृष्टीने ते खरंच होतं. बीपी म्हणजे वय झाल्यावर सगळ्यांना असतंच, त्यात आजार कसला. आणि दुसरं म्हणजे माझी लेक आता एकोणीसची आहे, उद्या कोणी स्थळ विचारायला आलं तर घराण्यात काही आहे का हे आधी विचारतात, ही भीती आईच्या पिढीच्या हाडात बसलेली आहे. मला टोचत होतं ते वेगळंच. आई बोलली नसती तर मीसुद्धा 'नाही'च सांगितलं असतं, कारण मला लहानपणापासून तसंच माहिती होतं. आमच्या घरात हार्टचं कोणालाच नव्हतं. माणसं लवकर गेली होती एवढंच.

आप्पा, म्हणजे माझे आजोबा, मी बघितलेले नाहीत. ते १९५८ च्या मे महिन्यात गेले, एक्कावन्नाव्या वर्षी. त्यांची गोष्ट मात्र मी इतक्यांदा ऐकली आहे की मला तो झोपाळा करकरताना ऐकू येतो. आमरसाचं जेवण झालं, आप्पा झोपाळ्यावर टेकले, म्हणाले जरा जड वाटतंय, आजी विडा करून आणते तोवर मान एका बाजूला कललेली. एका क्षणात गेले, कोणाकडनं सेवा करून घेतली नाही, केवढं पुण्यवान मरण. ही गोष्ट सांगताना घरातल्या बायकांच्या चेहऱ्यावर एक प्रकारचं तेज यायचं. लहानपणी मला वाटायचं, असं मरण आमच्या घराण्याला मिळालेलं वरदान आहे. एक्कावन्न हे वय किती कमी आहे ते मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं.

मग नाना काका. जानेवारी १९८७, मी दहा वर्षांची. नाना काका इतका लुकडा की आजी म्हणायची वाऱ्याने उडेल, विडी नाही, तंबाखू नाही, राजवाड्याजवळच्या ऑफिसात रोज सायकलने जायचा. आदल्या रात्री आम्ही सगळे सराफ्यात खायला गेलो होतो, त्या दिवसांत गराडू मिळतात ना, तो कंद तळून, कढईतनं काढून वर लिंबू आणि मसाला, ते काकाने मला त्याच्या द्रोणातनं भरवले होते. पहाटे तीनला मला जाग आली ती हिंगाच्या वासाने. काका पलंगावर बसलेला, काकू बेंबीला हिंग लावतेय, आजी तव्यावर ओव्याची पुरचुंडी शेकतेय, ती जरा जळली होती. काका डावा हात चोळत म्हणत होता, रात्री अंगाखाली आला वाटतं. गॅस झालाय, गराडू बाधले, सोडा घे, असं सगळे म्हणत होते आणि काका सगळं ऐकत होता, जे देतील ते घेत होता. बाबा रिक्षा शोधायला गेले. रिक्षा येईपर्यंत सगळं संपलं होतं. वय वर्षं एकोणपन्नास.

आमच्या घरात तेव्हापासून गराडू येत नाहीत.

रिपोर्ट घेऊन मी आमच्या ओळखीच्या फिजिशियनकडे गेले. कोलेस्टेरॉल ठीकठाक, शुगर बॉर्डरच्या जरा आत. त्यांनी फॉर्मवरच्या त्या तीन 'नाही' बघितल्या आणि विचारलं, आजोबा-काका किती वयाचे होऊन गेले? कशाने गेले असं त्यांनी विचारलंच नाही, फक्त किती वयाचे. मी सांगितलं, एक्कावन्न आणि एकोणपन्नास. ते पेन खाली ठेवून म्हणाले, वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत, आईला किंवा बहिणीला पासष्टच्या आत हार्टचं दुखणं झालं तर आम्ही त्याला लवकरचा हृदयविकार म्हणतो, तुमचे आजोबा आणि काका म्हणजे एक पायरी लांबचे, पण एकाच घरातले दोघं आहेत. आणि एक टेस्ट लिहून दिली जी साध्या लिपिड प्रोफाइलमध्ये येत नाही. लायपोप्रोटीन ए. आयुष्यात एकदा करा म्हणाले, परत करायची सहसा गरज पडत नाही, कारण हा आकडा फारसा हलत नाही, लहानपणी पाचेक वर्षांचे होईपर्यंत जो ठरतो तो जवळजवळ जन्मभर राहतो.

माझा आला ९२. पन्नासच्या वर गेला की जास्त मानतात.

त्या रात्री मी जे जे वाचलं ते सगळं इथे लिहीत नाही, पण काही गोष्टी मनात घर करून राहिल्या. लायपोप्रोटीन ए हा रक्तातला कण नॉर्वेच्या कोरे बर्ग नावाच्या शास्त्रज्ञाने १९६३ मध्येच शोधला होता, म्हणजे नाना काका पंचविशीत असताना. आपल्या ओळखीच्या वाईट कोलेस्टेरॉलसारखाच, म्हणजे एलडीएलसारखाच हा कण, फक्त त्याला एक जादा प्रथिनाची शेपटी चिकटलेली असते. ती शेपटी केवढी आणि असे कण किती, हे बहुतांशी एकच जीन ठरवतं, त्याची एकेक प्रत आई आणि बाबा दोघांकडनं येते. जगात साधारण पाचातल्या एकाचा हा आकडा जास्त असतो. तेल कमी करा, चाला, पळा, याला फरक पडत नाही, कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या गोळ्यांनीसुद्धा हा उतरत नाही. इतकी वर्षं डॉक्टर मंडळी यावर फार बोलत नव्हती कारण सापडलं तरी करायचं काय हा प्रश्न होता. आता तो कमी करणारी इंजेक्शनं हजारो पेशंटवर तपासायला घेतली आहेत, २०२२ मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांनी सांगितलं की प्रत्येक मोठ्या माणसाने एकदा तरी हे मोजावं, आणि २०२४ मध्ये आपल्या भारतातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही तेच सांगितलं. आपल्याकडे तर ते जास्तच गरजेचं आहे. बावन्न देशांतल्या लोकांवर झालेल्या इंटरहार्ट नावाच्या अभ्यासात दिसलं की आपल्या भागातल्या लोकांना पहिला अटॅक साधारण त्रेपन्नाव्या वर्षी येतो आणि बाकी जगात एकोणसाठच्या आसपास. सहा वर्षं. सहा वर्षांत मुलांची शिक्षणं होतात, एखादं लग्न होतं, नातवंडाचं तोंड दिसतं.

मला सगळ्यात आधी काय वाटलं असेल तर, मला गराडूंची माफी मागावीशी वाटली. खरंच. सदतीस वर्षं आम्ही एका कंदाला दोष देत होतो, आणि खोलवर कुठेतरी काकालाही, की एवढं खायचं कशाला रात्री. काकू तर शेवटपर्यंत म्हणायची की मीच हो म्हटलं सराफ्यात जायला. ती गेली तेव्हाही तिच्या मनात ते होतंच. तिला कोणी सांगितलं असतं की अगं त्या रात्रीत काही नव्हतं, हे बहुधा कितीतरी वर्षं आधीपासनं आत साचत होतं, तर? मी डॉक्टरांना विचारलंसुद्धा, काकाला हेच असेल का. ते म्हणाले आता ते कोणीच सांगू शकत नाही, आणि हा आकडा असला की माणूस लवकर जातोच असंही नाही. ते म्हणाले ते मी मान्य करते. तरी पण.

काकाचं लुकडं असणं हा आमच्याकडे मोठा भरवसा होता. जाड माणसाला हार्ट होतं, नाना तर काडी, त्याला कसं होईल. यावर पुण्यात केवढं काम झालंय ते मी आत्ता वाचतेय याचं मला वाईट वाटतं, कारण माझं अर्धं माहेर पुण्याशी बोलत असतं आणि हे कधी कानावर आलं नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा हिशेब, अगदी एक, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. पाश्चात्त्य माणसाच्या बाजूला उभा राहिलेला आपला माणूस, वजनाचा हिशेब तोच, पण आतमध्ये दुपटीहून जास्त चरबी, ती सुद्धा पोटात आणि अवयवांच्या आसपास. पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांनी १९९३ पासून गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला, तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची होती, इंग्लंडातली साडेतीनच्या आसपास, आणि एवढ्याशा बाळांतही स्नायू कमी पण चरबी बऱ्यापैकी राखलेली. म्हणजे आपलं लुकडेपण जन्माच्या आधीच फसवायला सुरुवात करतं. मला काकाचं मनगट आठवलं, घड्याळाच्या पट्ट्याला त्याने खिळ्याने दोन जादा भोकं पाडली होती, आणि शर्टाखाली एक लहानसं गोल पोट, ज्यावर मी डोकं ठेवून झोपायची.

हे सगळं वाचताना मला आमचा कुलवृत्तांत आठवला. लाल कापडी बांधणीचं जाडजूड पुस्तक, बाबांच्या कपाटात वरच्या फळीवर, डांबराच्या गोळ्यांच्या वासाचं. कोकणातनं कोण कधी निघालं, माळव्यात कोणत्या पिढीत आले, होळकर दरबारात कोण हिशेबनीस होतं, सगळं आहे. आप्पांच्या नावापुढे शिक्षण, नोकरी, "गणिताची विशेष आवड", आणि शेवटी "१९५८ साली अल्पशा आजाराने निधन". मी पानं उलटत गेले. अल्पशा आजाराने, अल्पशा आजाराने, अकाली, अल्पशा आजाराने. आमच्याच शाखेत चार पिढ्यांत असे सात पुरुष. कोणीतरी गावोगाव पत्रं पाठवून, वर्षानुवर्षं खपून ही माहिती गोळा केली असेल, किती जीव लावून, आणि प्रत्येक ठिकाणी लोकांनी तेच कळवलं असेल जे आईने त्या लॅबमधल्या मुलाला सांगितलं.

अमेरिकेत फ्रेमिंगहॅम नावाचं एक छोटं शहर आहे, तिथल्या ५२०९ लोकांची १९४८ पासून डॉक्टर दर दोन वर्षांनी तपासणी करत आले. आज आपण सहज म्हणतो ना, बीपी, कोलेस्टेरॉल, सिगरेट हे रिस्क फॅक्टर, तो शब्द रूढ झाला तो त्या गावामुळे, १९६१ मध्ये. पुढे त्या लोकांची मुलं घेतली, मग नातवंडं घेतली. तीन पिढ्या एका वहीत. मला तर तोही कुलवृत्तांतच वाटला, फक्त त्यात कोण कशाने गेलं ते लिहिलेलं आहे. आप्पा गेले त्या वर्षी त्या गावातल्या तपासण्या सुरू होऊन दहा वर्षं झाली होती.

आणि बाबा? बाबांना माहिती होतं, असं मला आता वाटतं. नोव्हेंबर १९९५ मध्ये बाबांना एक्कावन्न पूर्ण झाली. आईने शिरा केला होता. संध्याकाळी बाबांनी आईला जवळ बसवून सगळी पासबुकं, एलआयसीची कागदपत्रं, घराची कागदं एकेक करून दाखवली, कुठल्या फायलीत काय आहे ते तिच्याकडनं वदवून घेतलं. आई चिडली, वाढदिवसाला हे काय अभद्र. बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मात्र ते पहाटे नेहरू पार्कला चालायला जायला लागले आणि पुढची पंचवीस वर्षं गेले, जेवणातलं मीठ कमी केलं, बीपी वेळेवर तपासलं. शहात्तरचे होऊन गेले, न्युमोनियाने. हा आकडा मला त्यांच्याकडनंच आला असणार कारण आईचं तपासून घेतलं तर तिचा निघाला फक्त ९. म्हणजे ज्या माणसाला कोणी काही सांगितलं नव्हतं त्याने नुसत्या वयांच्या बेरजेवरनं ओळखलं होतं, आणि जे हातात होतं ते सगळं केलं. माझे डॉक्टर आज मला तेवढंच सांगतात. हा एक आकडा बदलणार नाही, तर बाकीचे, एलडीएल, बीपी, शुगर, कमरेचा घेर, इतरांपेक्षा जास्त कडक धरायचे. बाबांनी हे आम्हाला बोलून का दाखवलं नाही याचा राग येतो. मग त्यांचा तो पहाटेचा मफलर गुंडाळलेला चेहरा आठवतो आणि राग टिकत नाही.

आक्का आत्याबद्दल लिहायचं मी टाळत होते. आत्या ग्वाल्हेरला दिलेली. त्याच वर्षी, १९९५ च्या मार्चमध्ये, बाबांच्या त्या वाढदिवसाच्या आठ महिने आधी ती गेली, चोपन्नची होती. मुलीचं लग्न लागलं आणि आठव्या दिवशी. लग्नाचा शीण, असंच सगळे म्हणाले, दमली होती बिचारी. त्या लग्नात मी होते, अठरा वर्षांची. आत्या सारखी दाढ दुखते म्हणत होती, दाढेत लवंग धरून सगळ्यांना वाढत होती, जवळ आली की लवंगेचा वास यायचा, आणि कपाळावर घाम, मार्चची सकाळ असताना. जबडा दुखणं, घाम, मळमळ, कारण नसताना थकवा, बायकांमध्ये हार्टचं दुखणं असंही येतं हे आज मला माहिती आहे. तेव्हा त्या मांडवात दीडशे माणसं होती आणि एकालाही माहिती नव्हतं. आत्याच्या पहिल्या बाळंतपणात पाय सुजले होते, बीपी वाढून झटके आले होते, ते बाळ वाचलं नाही. गरोदरपणात असं झालेल्या बाईला पुढे हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट असतो, पण अमेरिकेतल्या हार्ट असोसिएशनने बायकांच्या यादीत ही गोष्ट घातली ती २०११ मध्ये. आणि २०२४ मध्ये एक अभ्यास आला, जवळजवळ अठ्ठावीस हजार अमेरिकन बायकांचं रक्त नव्वदच्या दशकात एकदाच घेऊन ठेवलेलं, मग तीस वर्षं त्यांच्याकडे लक्ष ठेवलं. त्या एका नमुन्यातल्या तीन आकड्यांवरनं, सूज दाखवणारा सीआरपी, एलडीएल आणि हाच लायपोप्रोटीन ए, तीस वर्षांनंतरचा धोका दिसत होता. आत्या लवंग चावत वाढत होती त्याच वर्षांत त्या बायका कुठेतरी हात पुढे करून रक्त देत होत्या.

कुलवृत्तांतात आत्याच्या नावापुढे एकच ओळ आहे. सासरचं नाव आणि "ग्वाल्हेर".

धाकट्या भावाला बडोद्याला फोन केला. तो चव्वेचाळीसचा आहे आणि डिट्टो नाना काका, तीच मनगटं. मी आधी नीट सांगितलं, मग रडकुंडीला येऊन सांगितलं, तो म्हणाला ताई, तू नेटवर वाचत बसू नकोस, मी एकदम फिट आहे, रोज बॅडमिंटन खेळतो. मी म्हटलं नाना काका सायकल चालवायचा. मग बराच वेळ तो काही बोलला नाही, मागे त्यांच्याकडे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मग विचारलं, काका किती वर्षांचा होता गं तेव्हा? मी सांगितलं. म्हणाला, बरं, शनिवारी बघतो. तो शनिवार गेला आहे, पुढचाही गेला. मी रोज विचारत नाही, दिवसाआड विचारते. लेकीचं मात्र तपासलं, तिनेच हट्ट केला, चौदा आलं. आनंद झालाच, खूप झाला, पण त्या आनंदात आपण भावासाठी केलेली प्रार्थना चुकून हिच्या खात्यात खर्च झाली असं काहीतरी वेड्यासारखं वाटून गेलं.

मागच्या रविवारी मी ते लाल पुस्तक खाली काढलं आणि पेन्सिल घेऊन बसले. आप्पांच्या ओळीशेजारी लिहिलं, वय ५१, जेवणानंतर, छातीत जड. नाना काकाचं लिहिलं, वय ४९, डावा हात. आई शेजारी वाटाणे सोलत होती, तिला आवडलेलं नव्हतं, छापील पुस्तकात असं गिरमिटत नाहीत म्हणाली. आत्याच्या त्या एका ओळीखाली जागाच नव्हती, मी समासात आडवं लिहायला लागले तर आई वाटाणे सोलताना थांबली. म्हणाली, झटके आलेले पण लिही, पहिल्या खेपेला, साल एकोणीसशे त्रेसष्ट. मी लिहिलं. मग थोड्या वेळाने, टरफलं वर्तमानपत्रात गोळा करता करता, म्हणाली, "आणि माझी आई? ती कुठे लिहिशील? ती काही या पुस्तकात नाही."

शेवटची दोन पानं कोरी होती. मी पुस्तक उलटं फिरवलं आणि तिला विचारलं, आजी किती वर्षांची होती, काय होत होतं तिला.

"संध्याकाळी पाय सुजायचे तिचे," आई म्हणाली. "जोडवी रुतायची. मी साबण लावून काढून द्यायची रोज."